स्पंजाची डबी

हेडक्लार्क बोटाला थुंकी लावल्याशिवाय फायलीचं पान उलटत नसत. तीच फाईल पुढे टायपिस्टबाईंकडे यायची, कोपरे ओलसर, पिवळट. शी! बाई ते चिमटीत धरायच्या आणि जेवणाआधी तीनतीनदा साबणाने हात धुवायच्या. एकवीस वर्षं हेच चाललं होतं.

शेवटी बाईंनी पदरमोड करून स्पंजाची डबी आणली, पाणी घालून हेडक्लार्कांपुढे आदळली. "भाऊसाहेब, आजपासून बोट यात बुडवायचं."

"बरं बुवा," भाऊसाहेब म्हणाले, आणि खरंच बुडवू लागले. कोपरे अजून ओलेच यायचे, पण आता ते पाण्याने, म्हणून बाई निर्धास्तपणे जेवू लागल्या. येणारा-जाणारा मात्र शाईची, डिंकाची बोटं त्याच स्पंजाला पुसायचा. आठवड्यात स्पंज काळा आणि बुळबुळीत झाला.

सोमवारी बाई फाईल घ्यायला त्यांच्या टेबलापाशी गेल्या. भाऊसाहेबांनी बोट स्पंजात बुडवलं, मग जिभेला लावलं, मग पान उलटलं.



"बाई," भाऊसाहेब तोंड वाकडं करून म्हणाले, "डबीतलं पाणी बदला हो. दोन दिवस झाले, चव बिघडलीय."