कंबरेची शिवण

नवऱ्याची पँट कंबरेत घट्ट झाली की ती मागची शिवण उसवायची आणि बोटभर सैल करून ठेवायची. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे तीच शिवायची. घरच्या माणसाने पोट आत ओढून ऑफिसला जावं, हे तिला कसं खपणार? त्याच्या पँटला ती आत जादा कापड सोडायची आणि तो आंघोळीला गेला की काम गुपचूप उरकायची. तो चारचौघांत मिरवायचा, "लग्नात होतो तसाच आहे, बघा!"

"चालायला जात जा," म्हटलं की तो म्हणायचा, "उद्यापासून." "गोड कमी करा," म्हटलं की, "अगं, माझी कंबर बघ की!" ती कंबर तिनेच तर सांभाळली होती.

पुढे पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. तपासण्या झाल्या. साखर कधीचीच वाढलेली होती, आता मूत्रपिंडंही गेली होती.

"अहो, पोट सुटताना कळलं कसं नाही?" डॉक्टरीणबाई वैतागल्या. "कपडे घट्ट होतात की! तेव्हाच खाणं आवरलं असतं, चालला असतात, तर बहुतेक हे टळलं असतं."

"माझे कपडे कधी घट्टच झाले नाहीत," तो भाबडेपणाने म्हणाला.

घरी येऊन तिने सगळं सांगून टाकलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "जाऊ दे गं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

आता तो वाळत चालला होता. त्याची पँट आत घेताना जुन्या टाक्यांची भोकं एकापाठोपाठ एक दिसत होती. इस्त्री फिरवूनही ती बुजेनात.

तेवढ्यात नुकताच नोकरीला लागलेला मुलगा स्वतःची पँट घेऊन आला. "आई, जरा सैल कर ना. बसता येत नाही."

"मुळीच नाही! आधी तू कमी हो. बाबांकडे बघतोस ना?"

त्याने बाबांच्या पायावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि नजर वळवली. "बरं बाई, राहू दे. दुकानात मोठ्या मापाची तयार मिळते."

ती दारापर्यंत धावली. "अरे, ऐक तरी!" तोवर तो जिना उतरून गेलाही होता.