रातकिड्यांचा डबा आणि काचघरातली राणी

मी एक जुना प्लॅस्टिकचा डबा आहे. पूर्वी माझ्यात शिवणाची कातरणं असायची, आता रातकिडे असतात. आणि खरं सांगू का मित्रांनो, समोरच्या काचघरात राहणाऱ्या पालीचा मला फार हेवा वाटतो.

माझी मालकीण आत्या घरीच शिवणकाम करते. तिची भाची चिमी तिच्याजवळ राहते. चिमीने ही ठिपक्यांची पाल पाळली आणि तिचं नाव ठेवलं राणी. राणीला जिवंत किडेच लागतात, मेलेल्याला ती तोंड लावत नाही. म्हणून आत्याने माझ्या झाकणाला भोक पाडून जाळी बसवली, आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे केले, गाजराचे तुकडे टाकले आणि ओल्या मातीची एक वाटी ठेवली. त्या मातीत रातकिड्यांच्या माद्या अंडी घालतात. राणीचा एकेक घास माझ्या पोटात वाढला. पण कौतुक कुणाचं? राणीचं! पाहुणे तिचे फोटो काढत आणि माझ्याजवळ आले की नाक मुरडत. राबायचं मी आणि मिरवायचं बाईसाहेबांनी!

माझ्यातले काही किडे दिवसभर किर्र किर्र गात. मापं द्यायला आलेल्या एक बाई एकदा वैतागल्या. "अहो, डोकं उठलं माझं! पुढच्या वेळी दुसरीकडेच टाकते कपडे."

आत्या घाबरली. तिने चिमीला बजावलं, "जो ओरडेल ना, तो आधी राणीला घालायचा."

चिमी कान लावून बसे, गाणारा हेरे आणि चिमट्याने उचले. पंधरा दिवसांत माझ्यात अगदी चिडीचूप झालं. गिऱ्हाइकं खूश, आत्या खूश. पण गातात ते नर, आणि आता उरल्या होत्या नुसत्या माद्या. वाटीतून पिल्लं निघायची नाहीत, हे मला कळत होतं. डब्याला बोलता येत नाही हे खरं, पण येत असतं तरी मी गप्पच बसलो असतो. बघू दे राणीला, माझ्यावाचून कसं भागतं ते!

हळूहळू माद्याही संपल्या. राणीची जाडजूड शेपटी काडीसारखी झाली, कारण अशा पालीची शिदोरी शेपटीतच असते. ती डोळे मिटून कोपऱ्यात पडून राही. चिमीला जेवण जाईना. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं, तरी मला बरं वाटेना.

शेवटी दोघी राणीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. चिमीने परत आल्यावर शेजारणीला सगळं सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "अगं, तुम्ही सगळे नवरदेवच खाऊ घातलेत की!" मग हसू आवरून किड्यांची एक बरणी देत म्हणाल्या, "हे किडे महिनाभर पुरतील. तोवर तुमच्या डब्यात पैदास सुरू झाली नाही, तर हिचं कठीण आहे."

बाईंनी दिलेल्या बरणीतले थोडे किडे राणीला मिळाले, थोडे नर-माद्या माझ्यात आल्या. पुन्हा किरकिर सुरू झाली. त्या गिऱ्हाईक बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "गाऊ द्या त्यांना. त्यांच्यावर एक जीव जगतोय."

आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस आले. शाळेतून आली की चिमी दप्तर टाकून माझ्याजवळ बसे. मला पुसे, मातीवर पाणी शिंपडे. "लवकर कर ना रे बाबा," म्हणे. काचघराकडे ती फक्त खाऊ घालण्यापुरती जाई. सांगायला लाज वाटते, पण मला वाटे, पिल्लं निघूच नयेत. निघाली की ही उठून जाणार.

आज सकाळी निघाली. मुंगीहून लहान, वाटीभर नुसती वळवळ. "आत्या, पिल्लं!" चिमी किंचाळली आणि पळाली ती थेट राणीला सांगायला. बातमी माझ्या पोटातली, पण मान तिचा!

माझा हेवा गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण तुमच्याकडे एखादी राणी असेल, तर तिला डोळे भरून बघा आणि मग तिचा घास जिथे वाढतो तिथेही या. दोन मिनिटं बसा, माती ओली आहे का ते बघा. आणि कुणीतरी आधी माझं झाकण लावा रे, चिमी विसरून गेली आहे.