सातावरची आडवी रेघ

शंकासुर अकराला येतो म्हणाला होता. अकराला दोन मिनिटं कमी असतानाच बेल वाजली आणि काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वीस वर्षांत हा माणूस कधी वेळेवर आला नव्हता. सरांचा विद्यार्थी होता तेव्हा एकेका तासाला तीन-तीन प्रश्न विचारायचा, म्हणून सरांनीच त्याचं हे नाव पाडलं होतं. आता सर नव्हते, विभागप्रमुखाच्या खुर्चीत तो बसत होता, आणि सरांचा शेवटचा शोधनिबंध जर्नलकडे पाठवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. कोणी काही आपणहून अंगावर घेतलं की काकूंच्या जिवाला घोर लागायचा.

"फक्त एक सही, काकू," तो म्हणाला. "सर हयात नाहीत ना, म्हणून घरच्यांची संमती लागते. तारीखही तुम्हीच घाला."

"सही मागतोस, तर कशावर करतेय ते बघू तरी दे."

काकूंनी चष्मा लावला आणि निबंधाचं पहिलं पान पुढे ओढलं. सरांना दुसऱ्या नंबरावर ढकललं असणार, अशी त्यांची खात्री होती. पण सरांचं नाव पहिलं होतं, एकट्याचंच होतं. शंकासुराचं नाव कुठेच नव्हतं. हे तर फारच संशयास्पद.

"नावापुढे हा सुरा कसला?"

"लेखक वारला असेल तर ती खूण घालतात. खाली तळटीप आहे, बघा."

काकूंनी तळटीप बघितली आणि मग एकेक पान डोळ्यांत तेल घालून चाळलं. तळ्याच्या तळातला गाळ, त्यात अडकलेले हजारो वर्षांपूर्वीचे परागकण, त्यावरून तेव्हा काठावर कोणती झाडं होती याचा अंदाज. अठ्ठेचाळीस स्लाइड्स, प्रत्येकीवर तीनशे कण मोजलेले. शेवटी आभार, आणि आभारांत शेवटची ओळ: घरच्या मंडळींच्या सहनशीलतेबद्दल. ही ओळ सरांनी सांगितली होती आणि काकूंनीच टाइप केली होती, चकार शब्द न काढता.

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, इंग्रजी आकड्यांत सतरा. शंकासुर त्या तारखेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने बॅगेतून मोजणीच्या चार काळ्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

"या इथे कशाला आणल्यास?"

"निबंध पाठवण्याआधी कच्च्या नोंदी ताडून बघाव्या लागतात. अक्षर सरांचंच वाटतं. पण सर सात साधा काढायचे. या चार वह्यांत सातावर मधे आडवी रेघ आहे. तुम्ही आत्ता मारलीत तशी."

"म्हणजे सहीचं नुसतं निमित्त होतं."

"सही लागतेच. पण निमित्तही होतं, खोटं कशाला बोलू?"

चार वर्षांपूर्वी सरांच्या नजरेचा मधला भागच गेला होता. घरात वावरता यायचं, पाठ असलेलं शिकवता यायचं, पण सूक्ष्मदर्शकात नुसता धूर दिसायचा. कॉलेजात हे कोणालाही कळता कामा नये, अशी त्यांनी बायकोला शपथ घातली होती. काकूंनी त्यांचं अक्षर गिरवून गिरवून हाताला बसवलं. एवढा एक सात तेवढा निसटला. आता हे बाहेर फुटलं तर लोक म्हणणार, न दिसणाऱ्या माणसाने चौदा हजारांवर कण मोजले म्हणे. आयुष्यभर जपलेलं नाव मातीत जाणार.

"मला काही माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग मला हे पाठवता येणार नाही, काकू. कोणी मोजलं ते मला ठाऊक नाही. मोजलं, की बसल्या बसल्या आकडे लिहून काढले, हेही ठाऊक नाही."

"लिहून काढले?"

काकू उठल्या. खिडकीपाशी जाऊन सूक्ष्मदर्शकावरचं कापड त्यांनी ओढून काढलं. "स्लाइड आणली असशीलच. दे."

आणली होतीच. नंबर दिसू नये म्हणून लेबलावर कागदाची पट्टीही चिकटवलेली होती. संशयाच्या बाबतीत दोघं सारखेच होते.

काकूंनी डोळा लावला आणि सवयीने डावीकडच्या रिकाम्या खुर्चीला सांगायला सुरुवात केली. "गोल. तीन खाचा, वर जाळी." मग त्या क्षणभर थांबल्या, कणाचं नाव स्वतःच घेतलं, हाताखालच्या मोजणीयंत्रावरची त्या जातीची कळ दाबली. "दोन बाजूंना दोन फुगे, मधे चपटं." पुन्हा थांबल्या. दीड तास असाच गेला. तेवढ्या वेळात शंकासुराने एकही प्रश्न विचारला नाही. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"गवताचे एकशे सोळा," काकू शेवटी म्हणाल्या.

त्याने वही उघडली. "वहीत एकशे अठरा आहेत. माझे दोन विद्यार्थी एकच स्लाइड मोजतात तेव्हा तीसचा फरक येतो." जरा वेळाने तो म्हणाला, "एक विचारू? प्रत्येक कणानंतर थांबत का होतात?"

"मी दिसेल ते सांगायचे, ते ओळखायचे. चार वर्षांत तीनदा चुकले असतील." आणि काकूंना रडू आलं. नवऱ्याच्या आठवणीने थोडं, त्या सहनशीलतेच्या ओळीच्या रागाने बरंच.

शंकासुराने त्यांचं रडणं होऊ दिलं. मग म्हणाला, "हे लपवून पाठवलं आणि उद्या दुसऱ्या कोणाला तो सात दिसला, तर सरांनी आकडे रचले असंच म्हणतील. खरं लिहिलं तर सरांचं काही जात नाही. ओळख त्यांची, नजर तुमची. लेखक दोघं."

"आणि तुझं नाव?"

"आभारात. तेही चालत असेल तर."

काकूंना यातही काही काळंबेरं सापडेना, म्हणून त्या त्याच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत उभ्या राहिल्या. सरांच्या नावाखाली त्यांचं नाव उमटलं.

"तो सुरा माझ्यापुढे नको हं. मी आहे अजून."

"नाही घातला."

"आणि ती सहनशीलतेची ओळ काढ. स्वतःचेच आभार कोण मानतं?"

त्याने ओळ काढली आणि दुसरा कागद पुढे केला. या कामात माझा वाटा आहे आणि त्याची जबाबदारी मला मान्य आहे, एवढंच त्यावर होतं. काकूंनी तो दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही बघितली. पेन हातात घेतल्यावर हात जरा अडखळला; चार वर्षं दुसऱ्याचं अक्षर काढून त्याला आपलं आठवावं लागलं. मग त्यांनी सही केली, पुन्हा सतरा तारीख घातली, आणि सातावर आडवी रेघ मारली, शेवटच्या दिवसांत सरांनाही दिसली असती इतकी ठळक.