दोनशे वेढे कमी

आश्विनातलं ऊन मिरजेवर पडत नाही, ते पसरतं. पितळी परातीतून सांडलेल्या मधासारखं, जडशीळ, पिवळंधमक, स्वतःच्याच भारानं मंदावलेलं. तंतुवाद्यांच्या गल्लीत वाळत घातलेले भोपळे त्या उन्हात ओळीनं बसून असतात. कृशकंठ, विशालोदर, मौनमग्न. अजून त्यांची सतार व्हायची असते. अजून त्यांना कुणाला काही सांगायचं नसतं.

त्या मौनाच्या रांगेतून शालनबाई आल्या, छातीशी गवसणी घट्ट धरून. गवसणीत गिटार होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी घसरवत वाजवायची ती हवाईयन गिटार. जांभळाच्या सालीच्या रंगाची, मधोमध बोटांच्या घर्षणानं उजळलेली, त्यांच्या नवऱ्याच्या, श्रीपतरावांच्या, मांडीची चाळीस वर्षांची सोबतीण.

श्रीपतराव मात्र घरी होते, शेजारणीच्या हवाली. श्रावणात त्यांचं उजवं अंग गेलं. भाद्रपदात बोलणं गेलं. आता पापण्याही उघडत नव्हत्या. आणि डॉक्टर सकाळी म्हणाले होते, दोन दिवस, फार तर तीन. ऐकणं तेवढं सगळ्यात शेवटी जातं. त्या एका वाक्याच्या दोरीला धरून शालनबाई भर उन्हातून चालत आल्या होत्या.

मौलाभाईंचं दुरुस्तीचं दुकान म्हणजे अंधाराचा एक चौकोनी तुकडा. श्रीपतरावांच्या ऑर्केस्ट्राचे अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी बावीस वर्षं सांभाळले होते. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धुक्यासारखा उतरला होता.

"मौलाभावजी, ही मुकी झाली. नुसतं घूं घूं करते."

"आणि वाजवणार कोण, वहिनी?"

"मी. मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला तरी तिचा सूर लागतो, एवढं बघून बघून कळलंय. त्यांना एकदा ऐकवायचीय. नंतर ती राहिली काय, नाही राहिली काय."

मौलाभाईंनी स्क्रू काढले. तारांच्या खालून पिकअप वर आला. लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक ताम्रतंतूचे हजारो वेढे. तारांचा थरकाप इथंच शिरतो, इथंच त्याची वीज होते, आणि वीज पुढं जाऊन गाणं होते. त्यांनी मीटर लावला. काटा हलला नाही. मग त्यांनी भिंग डोळ्याशी धरलं.

तांब्यावर हिरवा गंज चढला होता, शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्यांसारखा. आणि हिरव्याच्या पोटात लाल होतं. थरावर थर, वर्षावर वर्ष, दगडासारखं घट्ट झालेलं लाल.

"वहिनी, ह्याला कधी पाणी लागलंय?"

"पाणी? कुणाला हात लावू देत नव्हते मी. लग्न झाल्यापासून दर खंडेनवमीला पूजा तेवढी करायचे. फुलानं पाणी शिंपडायचं, ओलं हळदकुंकू लावायचं. हे एकदा हसत म्हणाले होते, हिचा जीव इथं आहे. म्हणून मी बरोबर इथंच लावायचे."

बाहेर एका भोपळ्यावरून ऊन सरकलं.

"तारेचं वय झालं होतं," मौलाभाई म्हणाले.

"भावजी, खोटं बोलणं तुम्हाला ऑर्केस्ट्रात असल्यापासून जमत नाही. उशिरा यायचात आणि गेटवर तिकिटाची गर्दी होती म्हणायचात. आपल्या कार्यक्रमाला कधी गर्दी होती?"

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी भिंग पुढं केलं. शालनबाईंनी पाहिलं. एकतीस वर्षांची भक्ती त्यांनी भिंगातून पाहिली. एकतीस खंडेनवम्या, एकतीस वेळा भिजवलेली अनामिका. त्यांच्या ओठांचा रंग गेला. रडू आलं नाही. कधी कधी रडूसुद्धा येताना दारात अडखळतं.

"एकतीस वर्षं पूजा केलीत," मौलाभाई हळूच म्हणाले, "आणि ती एकतीस वर्षं वाजलीसुद्धा. हेपण धरा की."

जुनी तार उकलत गेली. हिरवट, तांबूस, तुटक, एखाद्या म्हातारीच्या गळालेल्या केसांसारखी ती फळीवर साठत गेली. त्या गुंत्यात कितीतरी लग्नं होती, कितीतरी गणपतीचे मांडव होते, कितीतरी टाळ्या होत्या. पण वजन केलं असतं तर चिमूटभरही भरलं नसतं.

नवी तार एकाच रिळात उरली होती. गावात दुसरीकडं मिळायची नाही. गवसण्या शिवायचं हातमशीन मौलाभाईंनी पुढं ओढलं आणि बॉबिन भरायच्या दांड्यावर पिकअप बसवला. मशीन ते फिरवू शकत होते. तार मात्र त्यांना दिसत नव्हती.

"तुम्ही धरा, वहिनी. ओढायची नाही, सोडायचीही नाही."

"मग करू काय?"

"दुधावरची साय उचलता ना, तशी धरा."

चाक फिरलं. शालनबाईंच्या बोटांतून प्रकाशाची एक शिरा वाहू लागली, सरसर, झरझर, न संपणारी. शंभर वेढे झाले की मौलाभाई खडूनं एक रेघ ओढत. दहा रेघा. वीस रेघा. बोटांना चिरा पडल्या, तरी बोटं हलली नाहीत. चाळीस रेघा. मनात एकच जप होता, आणि त्यात देवाचं नाव नव्हतं: थांबा, मी आलेच. थांबा, मी आलेच.

अडुसष्टाव्या रेघेला रीळ संपलं.

"सात हजार हवे होते," मौलाभाई म्हणाले. "दोनशे कमी. आवाज जरा पातळ येईल."

"ओळखतील का ते?"

 तारेची दोन टोकं मौलाभाईंनी चाचपून शोधली, शालनबाईंनी ती धरली, सोल्डरचा रुपेरी थेंब दोनदा पडला, दोनदा गोठला. मीटरचा काटा झोपेतून उठल्यासारखा हलला.

घरी पोचेपर्यंत सांज झाली होती. राखाडी, निळसर, धुरकट सांज; खिडकीच्या गजांत अडकून पडलेली. शालनबाईंनी पलंगाशी अ‍ॅम्प्लिफायर लावला, गिटार मांडीवर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. मग डोळे मिटून अंगठा सगळ्या तारांवरून फिरवला.

स्वर उठला. पातळ होता, उजळ होता, कोवळा होता, आणि वाटेतल्या धक्क्यांनी कणभर उतरलेला होता.

श्रीपतराव निश्चल. पापणी निश्चल, ओठ निश्चल. मग गोधडीवरचा डावा हात हलला. पोलादी कांडी धरायचा हाच तो हात. दोन बोटं जवळ आली, मधे काहीच नसताना काहीतरी धरलं, आणि हात गोधडीवरून वर सरकला. फक्त एक बोटभर. उतरलेल्या स्वराला त्याच्या जागी न्यायला कांडी सरकवावी लागते ना, नेमका तेवढाच. तिथं तो नाजूक थरथरला, जसा प्रत्येक गाण्याच्या अखेरीला थरथरायचा.

आणि थांबला.

शालनबाईंना कळलं. तरी त्यांनी तारांवर हात ठेवून सूर थांबवला नाही. सांज दाटत होती, खोली विझत होती, आणि त्या विझत्या निळाईत सहा तारा अजून कापत होत्या. बारीक, आणखी बारीक, कोळ्याच्या धाग्याएवढ्या, धाग्यावरच्या दवाएवढ्या, दवातल्या उजेडाएवढ्या.