बावीस दौती

दत्तोपंतांनी बाविसाव्या दौतीत पाणी ओतले आणि मिठाची वाटी उपरण्याखाली सारली. सगळे मीठ वाटीतच होते.

"झालं?" ओसरीच्या पायरीवर जस्ताच्या पट्ट्या राखेने घासत बसलेल्या अंबिकाबाईंनी विचारले.

"झालंच."

संगमनेरच्या शाळेत तीस वर्षे शास्त्र शिकवलेला हा माणूस बायकोशी खोटे बोलण्यात मात्र अगदीच कच्चा होता. बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

लढाईमुळे बाजारात बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या होत्या. म्हणून शाईच्या रिकाम्या दौती घ्यायच्या, प्रत्येकीत मिठाचे पाणी, एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची. आणि त्यावर स्वतः जुळवलेला, कानाला लावून ऐकायचा रेडिओ चालवायचा, असा त्यांचा महिनाभर उद्योग चालला होता. रविवारी दुपारी आघाडीवरच्या शिपायांचे निरोप लागत. शामकांत, त्यांचा एकुलता एक, ब्रह्मदेशात होता. त्याचा आवाज कानी पडेपर्यंत अळणी जेवायचे, असे अंबिकाबाई देवापुढे बोलून बसल्या होत्या. त्याला अकरा महिने झाले. नवऱ्याच्या आमटीत त्या अंदाजाने मीठ घालत आणि दत्तोपंत कमी-जास्त मुकाट्याने गिळत.

मंगळवारी शाळेत तार आली. शामकांत गेला होता. दत्तोपंतांनी ती कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि घरी येऊन काहीच बोलले नाहीत. रेडिओ लागला तर ही दर रविवारी कान लावून बसणार, आणि आवाज येणार नाही. रेडिओच लागला नाही, तर निदान वाट पाहायला जागा उरेल. हे चूक आहे हे त्यांना कळत होते. पण खरे सांगायची छाती होत नव्हती.

"ही तार कुणीकडची?"

दत्तोपंत दचकले. अंबिकाबाईंच्या हातात जोडणीच्या तारेचा तुकडा होता.

"दे इकडे."

त्यांनी ती जोडली. शाळेतून आणलेल्या वीज मोजायच्या यंत्राचा काटा जेमतेम थरथरला आणि बसला.

"आज जमत नाही," ते म्हणाले. "पट्ट्या झिजल्यात."

"मागच्या रविवारी याच पट्ट्यांवर काटा चांगला पळाला होता. मीठ कमी पडलं असेल. बघते."

"अगं, तुझं अळणी..."

"शामच्या कामाचं आहे. देव रागवायचा नाही."

व्रत सांभाळणारी बाई या पाण्याला जीभ लावणार नाही, याच भरवशावर तर दत्तोपंत होते. अंबिकाबाईंनी बोट बुडवून जिभेला लावले. मग दुसऱ्या दौतीत, मग तिसऱ्या. अकरा महिने मिठावाचून राहिलेल्या जिभेला कणभर मीठही कळले असते. सातव्या दौतीशी त्या थांबल्या.

"साधं पाणी आहे हे."

दत्तोपंतांची मान खाली गेली. अंबिकाबाई त्या खाली गेलेल्या मानेकडे बराच वेळ पाहत राहिल्या. पदराला बोट पुसायचेही त्यांना सुचले नाही.

"कधी कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी तुम्ही भात दोनदा मागून घेतलात," त्या म्हणाल्या. "मला किती बरं वाटलं होतं."