मिठबावची सवत

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो. किक मारावी लागते अशी आणि गिअर हाताने टाकावे लागतात अशी. नांदगावात गुरुदास परबांच्या पडवीत मी उभी असते. माझा रंग पूर्वी आकाशी होता. आता तो कोणता म्हणावा, हे मलाही सांगता यायचं नाही.

जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण संसार इथेच केला. गुरुदासचं नवीन लग्न झालं होतं, तेव्हा त्याने मला कणकवलीहून आणलं. त्याच्या बायकोने, कावेरीने, मला ओवाळलं. त्या दोघांना मी ऑफिसला नेलं, बाजाराला नेलं, तिच्या माहेरच्या मळ्यापर्यंत नेलं. दर रविवारी गुरुदास मला धुवायचा. शेजारी म्हणायचे, "स्कूटर ठेवची तर गुरुदासान." काय सांगू, मी नुसती फुशारून जायची.

मग मध्ये आली मिठबावची ती जागा. माझी सवत!

त्याचं मूळ गुरुदासच्या मावसभावात, मितेशमध्ये. त्याने मिठबावला समुद्राजवळ प्लॉट घेतला होता आणि दर पंगतीला तो तेच वाढायचा. "किंमत दुप्पट झाली रे. तू बस आपलो ऑफिसात." गुरुदास तोंडावर हसायचा, पण घरी येताना माझा अ‍ॅक्सिलरेटर असा पिळायचा की कुठे दुखतंय ते मला बरोबर कळायचं. दुसऱ्याचं बघून पोटात दुखणं काय असतं, ते मला कोणी शिकवायला नको.

शेवटी त्यानेही मिठबावलाच एक जागा शोधली. दलाल विश्वेश गोड बोलणारा होता. भाव पडला तर? पैसे अडकून बसले तर? उद्या कुणी हिस्सेदार उभा राहिला तर? गुरुदासला धड जेवण जाईना. घरची सगळी शिल्लक त्यात जाणार होती, वर कावेरीच्या बांगड्याही मोडायच्या होत्या. त्याने ग्रामदेवतेला कौल लावला. उजवा कौल मिळाला, म्हणजे देवाचा होकार आला, आणि गडी निश्चिंत झाला.

आता रविवार आला की धुणं नाही, पुसणं नाही. किक मारायची आणि मिठबाव गाठायचं! तिथे मला उन्हात उभी करून हा त्या दगडधोंड्यांकडे टक लावून बघत बसायचा. "इथे घर, इथे पडवी, पाहुण्यांना दोन खोल्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिने काय केलं होतं याच्यासाठी? एकदा तरी याला पाठीवर घेतलं होतं का?

मे महिन्यात बयाणा द्यायचा ठरला. त्या दिवशी पहिल्यांदाच कावेरी बरोबर आली, विश्वेशही आपल्या गाडीवर पुढे होता. डांबरी रस्ता सोडून आम्ही प्लॉटकडे वळलो आणि माझं पुढचं चाक एका खाचेत अडकलं. गुरुदास ढकलू लागला. कावेरी खाली उतरली, तिने पायाखाली बघितलं आणि ती तिथेच थांबली.

"ओ, ही मेर कोणी फोडली?" तिने विचारलं. भाताच्या दोन खाचरांमधल्या बांधाला आमच्याकडे मेर म्हणतात.

"गाडी जायला नको का, वहिनी?" विश्वेश म्हणाला. "हाच रस्ता आपला."

"रस्तो खंयचो? हो मळो आसा. ह्या बघा भाताचे खुंट. आता सुको आसा म्हणान सगळे जातत. पावसात हयसर लावणी होतली, मगे घराक खंयसून जातलास? होडयेन?"

विश्वेशने घाम पुसला. "शेताच्या मालकांशी बोलतो मी. रस्ता सोडतील ते."

"अजून बोलाक नाय तुमी?"

गुरुदास माझं हँडल धरून उभाच राहिला. भातशेतीच्या मुलखात जन्मलेला माणूस, पण मितेशच्या प्लॉटने त्याच्या डोळ्यांवर अशी झापड आणली होती की पायाखालचं शेत दिसलं नाही. देवाला त्याने जागा घेऊ का, एवढंच विचारलं होतं. वाट आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"आधी रस्ता सोडवून आणा. तोवर बयाणा देणार नाही," तो विश्वेशला म्हणाला.

परतताना मितेशचा फोन आला. गुरुदासने मला आंब्याखाली थांबवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. आता हा खदाखदा हसणार, असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं. पण तो हसला नाही.

"गुरु," मितेश हळूच म्हणाला, "मगे माझो प्लॉट घेतंस? घेतलंय त्याच किमतीत देतंय. वाट नाय म्हणान गिराइक फिराकत नाय रे."

गुरुदासने फोन बंद करून माझ्या सीटवर ठेवला. कावेरीला हसू आवरेना, आणि मग त्यालाही.

मित्रांनो, जागा जरूर घ्या. पण ती भर पावसात बघा, आपल्या चाकाने तिथवर पोचता येतं का ते बघा, आणि कुणाची जिरवायची म्हणून तर मुळीच घेऊ नका. हे दोघं श्रावणात दुसरी जागा बघायला जाणार आहेत म्हणे. नेईन मी, जळत जळत का होईना. फक्त माझी ब्रेकची वायर तुटायला आली आहे, तेवढी आधी बदला. जागा काय, जिथल्या तिथे पडून राहते. माणसांना घरी परत आणायला मीच लागते.