फ्रेम पडतायत

"फ्रेम पडतायत रे, चित्र अडखळतंय," कुंदन हेडफोन काढत म्हणाला. "मी बटन दाबतो आनि गोळी मागनं जाते. मशीनचा लोचा हाय."

समोरच्या मशीनवर कॅफेत खेळायला येणारा पोरगा अश्विन बसला होता. पहिला डाव त्याने जिंकला होता.

घणसोली गावातल्या घराच्या तळमजल्यावर कुंदनने गेमिंग कॅफे टाकला, तेव्हा हरणारा प्रत्येक जण मशीनला शिव्या घालायचा. नाचता येईना अंगण वाकडे. म्हणून त्यानेच नियम केला, की मशीनला नावं ठेवली तर जिंकणाऱ्याशी जागा बदलायची आणि पुन्हा खेळायचं. या नियमाने त्याने भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. आज पाळी त्याच्यावरच आली, आणि तीही अशा दिवशी. वाशीच्या स्पर्धेसाठी टीममध्ये एकच जागा उरली होती, आणि ती या दोघांपैकी जिंकेल त्याला मिळणार होती. ही टीम कुंदनने उभी केलेली. तिच्यापायी त्याने नोकऱ्या सोडल्या, बायकोची, सुचिताची, बोलणी खाल्ली. वय पस्तिशीला टेकलं होतं. ही जागा गेली तर आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

तो अश्विनच्या खुर्चीत बसला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस फ्रेम, आणि तो ढिम्म हलत नव्हता. माऊस जरा सरकवला की चित्र तेलासारखं वळत होतं. तरीही कुंदन हरला. शत्रू दिसत होता, बोटच उशिरा दाबत होतं. तिकडे त्या बदनाम मशीनवर अश्विनची गोळी मात्र वेळेवर सुटत होती.

"तुमच्याकडला पन लॅग मारतो, उशिरा चालतो, दादा," अश्विन त्याच्याकडे न बघता म्हणाला. "दोनी मशीन खराब हायत. शेवटचा डाव खेळू. जिंकेल तो वाशीला जाईल."

डाव सुरू झाला. थोड्या वेळाने अश्विनचा सैनिक भिंतीआडून बाहेर आला आणि उघड्यावर उभा राहिला. चित्र अडखळत असतं, तर कुंदनने ते नशीब म्हणून गोड मानून घेतलं असतं. इथे सगळं लख्ख दिसत होतं. तो सैनिक चुकून थांबला नव्हता, मरायला थांबला होता. हरण्यापेक्षा ही दया कुंदनला जास्त लागली. त्याला रडू यायला लागलं.

"मारा ना, दादा," अश्विन म्हणाला.

कुंदनने माऊसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.